इझी-क्लीन आणि इग्रेस: खिडकीच्या दोन बिजागऱ्या

इंग्लंडमध्ये घराच्या खिडक्या बदलायला काढल्या की कोटेशनमध्ये दोन शब्द हमखास भेटतात: 'इझी-क्लीन हिंज' आणि 'इग्रेस हिंज' (हिंज म्हणजे बिजागरी, इग्रेस म्हणजे बाहेर पडणं). विकणारा दोन्हींबद्दल एकाच दमात सांगतो, 'पूर्ण उघडते बघा.' ऐकणाऱ्याला वाटतं, एकाच वस्तूची दोन नावं असतील. चौकट तीच, काच तीच, बंद खिडकी बाहेरून बघितली तर फरक कळणारही नाही. तो कळतो झडप उघडल्यावर.

बाजूला उघडणारी ही झडप दारासारखी एका काठावर फिरत नाही. तिच्या वर आणि खाली स्टीलच्या चपट्या पट्ट्या असतात. झडप उघडते तसा तिचा बिजागरीकडचा काठ चौकटीतल्या खाचेवरून सरकतो. इझी-क्लीनमध्ये तो मुद्दाम बराच, चौकटीच्या मध्याकडे सरकवलेला असतो. त्यामुळे चौकट आणि झडप यांच्यात हात जाईल एवढी फट पडते आणि आत उभं राहूनच बाहेरची काच पुसता येते. सोय झकास आहे. पण झडप जेवढी मध्ये आली, तेवढी आग लागल्यावर माणसाला बाहेर पडायची वाट अरुंद झाली. फटीतून हात जातो, माणूस जात नाही.

इग्रेसचं गणित उलटं. तिची झडप काठाला धरून राहते आणि जवळजवळ काटकोनात उघडते, म्हणजे मोकळी जागा सगळी एकसंध मिळते. काच मात्र बाहेरून पुसावी लागते. दोन्ही कामं करणारी तिसरी बिजागरीही मिळते: आधी इग्रेससारखी उघडते, खटका दाबला की झडप मध्ये सरकते. वरच्या मजल्यावरच्या बेडरूमसाठी मी तीच घेईन.

आता आकडे. बांधकाम नियमांच्या आगीसंबंधीच्या मार्गदर्शक दस्तऐवजात, म्हणजे 'अप्रूव्ड डॉक्युमेंट बी'मध्ये, सुटकेच्या खिडकीची मोकळी उघडी जागा किमान 0.33 चौरस मीटर सांगितली आहे. रुंदी आणि उंची दोन्ही किमान 450 मिलिमीटर, आणि उघड्या भागाची खालची कड जमिनीपासून 1100 मिलिमीटरपेक्षा वर नको. इथे भलेभले फसतात. 450 गुणिले 450 केलं तर जेमतेम 0.20 होतात. रुंदी 450 असेल तर उंची साधारण 735 लागते. आणि हे माप चौकटीचं नाही, झडप उघडल्यावर उरलेल्या मोकळ्या जागेचं. समजा इग्रेस लावल्यावर 480 रुंद, 700 उंच जागा मिळते: 0.336, काठावर पास. त्याच चौकटीत इझी-क्लीन लावली आणि झडपेने 80 मिलिमीटर खाल्ले, तर रुंदी 400. नापास, तेही दोन्ही कसोट्यांवर.

हे आकडे सगळ्या खिडक्यांना लागू नाहीत. जमिनीपासून 4.5 मीटरपर्यंतच्या मजल्यांवर, ज्या राहत्या खोलीतून आगीपासून सुरक्षित केलेल्या जिन्याकडे थेट जाता येत नाही, तिथे अशी खिडकी लागते. त्याहून वर खिडकीतून उतरणं हा पर्यायच धरत नाहीत.

जुनी खिडकी बदलताना तत्त्व वेगळं: सुटकेची जेवढी शक्यता आधी होती, ती कमी करायची नाही. जुनी झडप गरजेपेक्षा मोठी असेल तर किमान मापापर्यंत आणता येते, त्याखाली नाही. सगळ्यात वाईट बदल म्हणजे मोठी बाजूची झडप काढून खाली बंद काच आणि वर एक छोटी पुढे ढकलायची झडप बसवणं. दिसायला सुरेख, आगीत निरुपयोगी. 'काच फोडू की' असं कोणी म्हणालं तर काच कुठली ते विचारा. टफन्ड काचेचा फुटून चुरा होतो, पण लॅमिनेटेड काच तडकली तरी मधल्या प्लास्टिकच्या थराला चिकटून राहते.

मग हे तपासतं कोण? 2002च्या एप्रिलपासून इंग्लंड आणि वेल्समध्ये खिडक्या बदलणं बांधकाम नियमांखाली येतं. फेन्सा किंवा सर्टास अशा योजनेत नोंदणी असलेला बसवणारा स्वतःच काम नियमांनुसार झाल्याचं जाहीर करतो, कौन्सिलला कळवलं जातं आणि तुम्हाला प्रमाणपत्र मिळतं. नोंदणी नसलेल्याला काम दिलंत तर सुरू करण्याआधी बिल्डिंग कंट्रोलकडे, म्हणजे बांधकाम नियमांची तपासणी करणाऱ्या यंत्रणेकडे, अर्ज करायचा. योजनेचे निरीक्षक नमुन्यादाखल काही घरं बघतात, प्रत्येक घर नाही. म्हणून प्रमाणपत्र हातात आलं तरी टेप हातात घ्यायला हरकत नाही. प्रमाणपत्र आणि गॅरंटीचीही गल्लत होते. प्रमाणपत्र सांगतं की काम नियमांना धरून आहे, आणि घर विकताना वकील तेच मागतो. काम बिघडलं तर गॅरंटी. बसवणाराच धंदा गुंडाळून गेला तर विम्याचं पाठबळ असलेली गॅरंटी.

कुलुपाला मनाई नाही. लहान मुलांसाठी खिडकी थोडीच उघडू देणारा अडसरही चालतो, फक्त तो सोडवायचा खटका हवा, मग तो मुलांना न उघडता येणारा असला तरी चालेल. माझी कटकट किल्लीबद्दल आहे. नवीन खिडक्यांच्या किल्ल्या बहुतेक घरांत स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये जातात, आणि झोपायच्या खोल्या असतात वरच्या मजल्यावर.