कांतारिस्त

गोव्यातील तियात्र या कोकणी नाट्यप्रकारात स्वतः गीत लिहून, बहुधा त्याची चालही स्वतःच बांधून गाणारा कलावंत. त्याच्या गाण्याला कांतार म्हणतात. दोन पडद्यांच्या (अंकांच्या) मध्ये गायल्या जाणाऱ्या बहुतेक कांतारांचा नाटकाच्या कथेशी काही संबंध नसतो. साथीला ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ड्रम यांचा बँड असतो. मराठी वाचकाला इथे शाहीर आठवेल; पण शाहिरामागे झीलकरी असतात, सोलो गाणारा कांतारिस्त मात्र माईकपुढे एकटा असतो.

पहिले तियात्र १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाले. गोव्यातून नोकरीसाठी आलेले, कुडांत (गावागावांच्या सामाईक निवासांत) राहणारे लोक हा या कलेचा सुरुवातीचा आधार. १९०४ मध्ये रेजिना फर्नांडिस रंगमंचावर आल्या, तोवर स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत.

कांतारिस्ताची जडणघडण गावच्या फेस्तातल्या (चर्चच्या उत्सवातल्या) हौशी प्रयोगांत होते. लहानपणी गाणाऱ्या मुलाच्या नावाआधी ‘मास्टर’ लागते. कोरस, ड्युएट, ट्रायो यांत जोडीदार सांभाळून घेतात. सोलोत झाकायला जागा नसते. गोड गळा टाळ्या मिळवून देतो, पण ‘वन्स मोर’ मिळतो तो शेवटच्या कडव्यातल्या टोल्याला. म्हणून चांगला कांतारिस्त आधी लेखक असतो, असे म्हणणे वावगे ठरू नये. हळदोण्याचे आल्फ्रेड रोझ (१९३२–२००३) यांच्यात दोन्ही होते. ‘मेलडी किंग’ ही त्यांची ओळख गळ्यामुळे झाली. मात्र प्रेमगीतांवर न थांबता त्यांनी समाज आणि राजकारण यांवरही लिहिले.

१६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाआधी तियात्राच्या मंचावरून विलीनीकरणाविरुद्ध कांतारे गायली गेली. गोवा महाराष्ट्रात जाऊ नये, या बाजूला १,७२,१९१ मते पडली; विलीनीकरणाला १,३८,१७०. निकाल गाण्यांनीच फिरवला असे म्हणता येणार नाही. तरी वर्तमानपत्र न वाचणाऱ्या घरांत तो विषय कांतारांनी नेला, हे मराठी लेखनात क्वचितच येते. कांतारे रोमी (रोमन) लिपीत लिहिली जातात, हेही त्याचे एक कारण असावे.

गोव्याबाहेर मुंबई आणि आखाती देशांतही प्रयोग होतात. कॅसेटची जागा आता यूट्यूबने घेतली आहे. राजकीय कांतार मात्र लवकर शिळे होते: मंत्री बदलला की कडवे बदलावे लागते, आणि पुढच्या तियात्राला नवे लिहावेच लागते.