ट्विस्ट वजनावर नाही, गोळीच्या लांबीवर ठरतो

इंदूर-महूकडे रायफलचा विषय निघाला की गप्पा लगेच आकड्यांवर येतात. महूला इन्फंट्री स्कूल आहे, आर्मीचं मार्क्समनशिप युनिट आहे, इकडे रेवतीला बीएसएफची रेंज, त्यामुळे ओळखीत कुणी ना कुणी या लायनीतलं असतंच. पण नवीन पोरं विचारतात ते नेहमी हेच, की अमुक ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळीला ट्विस्ट, म्हणजे बॅरलच्या आतल्या खाचांचा पीळ, किती पाहिजे. मला मनापासून वाटतं की विचारायला पाहिजे ती लांबी, आणि पावणेदोनशे वर्षांचा इतिहास बघितला तर तो हेच सांगतो.

आधी थोडक्यात, १० चा ट्विस्ट म्हणजे बॅरलच्या खाचा १० इंचात एक पूर्ण फेरा मारतात, म्हणजे आकडा जितका लहान तितका ट्विस्ट कडक आणि गोळी जास्त वेगाने फिरते. लांबट गोळीवर हवेचा जोर तिच्या वजनाच्या मध्यबिंदूच्या पुढे येतो, म्हणून हवा तिचं नाक उलटवायला बघते, आणि गोल फिरण्यामुळेच ती सरळ राहते. गोळी जितकी लांब तितकी ती जास्त वेगाने फिरायला हवी.

आता १८५७ घ्या. १ जुलैला इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला, त्याच रात्री महूची पलटण उठली, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं, काडतुसाच्या चरबीची गोष्टही माहीत असते. ते काडतूस ज्या एनफिल्ड रायफलचं होतं तिचा ट्विस्ट होता ७८ इंचात एक फेरा आणि बॅरल ३९ इंचाची, म्हणजे गोळी बाहेर पडेपर्यंत जेमतेम अर्धा फेरा! गोळी ०.५७७ बोअरची (बोअर म्हणजे बॅरलच्या आतला व्यास, इंचात), ५३० ग्रेनची, पण जाड आणि आखूड, तिला तेवढं पुरायचं. आणि त्याच १८५७ मध्ये इंग्लंडात व्हिटवर्थची सहाकोनी बोअरची रायफल चाचणीत एनफिल्डच्या पार पुढे गेली. तिची गोळीसुद्धा साधारण ५३० ग्रेनचीच, फक्त बोअर ०.४५१, म्हणून गोळी बारीक आणि लांब, आणि ट्विस्ट २०. वजन तेच आणि ट्विस्ट जवळपास चौपट कडक, याहून चांगला पुरावा मला तरी माहीत नाही.

मग १८७९ मध्ये वूलिचचे गणितज्ञ जॉर्ज ग्रीनहिल यांनी ट्विस्ट काढायचा सोपा हिशोब दिला: व्यासाचा वर्ग गुणिले १५०, भागिले लांबी, सगळं इंचात, आणि वेग सेकंदाला २८०० फुटांच्या वर असेल तर १५० ऐवजी १८० धरतात. यात वजन कुठेच नाही, कारण गोळी शिशाची हे धरलेलंच होतं. एकाच बोअरमध्ये शिशाची गोळी जड केली की ती आपोआप लांब होते, म्हणून लोकांना वजनाने मोजायची सवय लागली.

ती सवय महागही पडली आहे. १९५५ मध्ये रेमिंग्टन कंपनीने आपल्या .२४४ काडतुसाच्या रायफलला १२ चा ट्विस्ट ठेवला, विंचेस्टरने .२४३ ला १० चा, आणि हरणाच्या शिकारीसाठी १०० ग्रेनची लांब गोळी हवी असणारं गिऱ्हाईक सरळ विंचेस्टरकडे गेलं.

सुरुवातीच्या अमेरिकन एआर-१५ रायफलचा ट्विस्ट १४ होता. ५५ ग्रेनची गोळी थंड, दाट हवेत डगमगायला लागली म्हणून १९६३ मध्ये तो १२ केला. पुढे तिच्याच लष्करी अवताराला, एम-१६ए२ ला, एकदम ७ झाला, आणि बरेच लोक म्हणतात की ६२ ग्रेनच्या नव्या गोळीसाठी, पण तिला ९ सुद्धा चालतो. ७ लागला तो ट्रेसरसाठी, म्हणजे जाताना उजेडाची रेघ दाखवणाऱ्या गोळीसाठी. ट्रेसर वजनाने दोनेक ग्रेनच जास्त, पण आत हलका जळणारा मसाला भरलेला, म्हणून लांबीला बराच जास्त.

आता शिशाशिवायच्या तांब्याच्या गोळ्यांचंही तेच, तांबं हलकं, म्हणून त्याच वजनाला गोळी लांब आणि ट्विस्ट कडक लागतो. डॉन मिलरचं हल्ली वापरतात ते सूत्र लांबी आणि वजन वेगवेगळं मागतं, आणि त्यात लांबी तीच ठेवून वजन वाढवलं तर गोळी उलट जास्त स्थिर निघते.