गोव्यातील न्हाणीघराची लादी: निवडीमागची पार्श्वभूमी

गोव्यातील जुन्या घरांत न्हाणी मागल्या अंगाला, विहिरीच्या वाटेवर असे. तांब्याच्या भाणाखाली लाकडे पेटवून पाणी तापवायचे, दगडावर बसून तांब्याने अंगावर घ्यायचे आणि सांडपाणी केळीच्या किंवा माडाच्या मुळाशी सोडायचे, अशी ती व्यवस्था होती. पायाखालचा दगड खरबरीत होता आणि बसून अंघोळ केल्यामुळे चिऱ्यांच्या भिंतीवर पाणी फार वर उडत नसे. पुढे सिमेंट आले, तांबड्या रंगाचा कोबा आला, तरी अंघोळीची पद्धत फारशी बदलली नाही.

पोर्तुगीज वारशाचा उल्लेख येथे हमखास होतो, आणि त्यात एक गैरसमज असतो. ‘अझुलेजो’ म्हणजे पोर्तुगीज पद्धतीची चित्रे काढलेली चकचकीत लादी. हा शब्द निळ्या रंगावरून आला असे अनेकांना वाटते. वास्तविक त्याचे मूळ गुळगुळीत लहान दगड या अर्थाच्या अरबी शब्दात आहे. पणजीतील एका सार्वजनिक इमारतीच्या प्रवेशदालनात १९३५ मधील अशा निळ्या-पांढऱ्या लाद्यांची भित्तिचित्रे आजही पाहता येतात. मात्र ही भिंतीची कला आहे. त्या लादीचे अंग सच्छिद्र मातीचे आणि वरचा थर काचेसारखा असतो, त्यामुळे न्हाणीच्या जमिनीशी तिचा संबंध नव्हता. आज ‘अझुलेजो डिझाइन’ म्हणून न्हाणीघरासाठी विकली जाणारी लादी बहुधा यंत्राने छापलेली असते आणि तिचे गुणदोष नक्षीवरून नव्हे, तर तिच्या अंगावरून ठरतात.

खरा बदल १९६१ नंतरच्या काही दशकांत झाला. न्हाणी घरात आली, शौचालयाला लागून बसली आणि बादलीच्या जोडीला डोक्यावर शॉवर आला. उभ्याने अंघोळ सुरू झाल्यावर पूर्वी कमरेपर्यंत पुरणारी भिंतीची लादी, म्हणजे गवंड्यांच्या भाषेत ‘डॅडो’, सात फुटांपर्यंत चढवावी लागली. सहा इंची पांढरी ग्लेझ्ड लादी याच काळात सर्वत्र पोचली. ती स्वच्छ दिसे आणि पुसायला सोपी होती, म्हणून अनेक घरांत तीच जमिनीवरही बसली. उभ्या माणसाच्या साबण लागलेल्या पायाखाली ती कशी वागेल, हा प्रश्न मागे पडला.

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून गुजरातमधील मोरबीचे कारखाने या बाजारावर पसरत गेले आणि ‘व्हिट्रिफाइड’ हा शब्द रूढ झाला. जास्त तापमानाला भाजल्यामुळे या लादीचे अंग जवळजवळ काचेसारखे घट्ट होते. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात सर्वांत घट्ट गटाची पाणी शोषण्याची मर्यादा ०.५ टक्के आहे, तर भिंतीची साधी सिरॅमिक लादी १० टक्क्यांहून अधिक पाणी शोषू शकते. व्यवहारात दोन्हींना ‘टाइल’च म्हणतात. घट्टपणा आणि घसरणे यांचा मात्र एकमेकांशी संबंध नाही. आरशासारखी पॉलिश केलेली व्हिट्रिफाइड लादी पाणी शोषत नाही आणि ओली झाली की धोकादायक होते.

येथूनच ‘अँटी-स्किड’, म्हणजे न घसरणारी, या शब्दाचा गुंता सुरू होतो. दुकानात हा शब्द ठाम गुणधर्मासारखा सांगितला जातो, पण त्याला एकच मोजमाप नाही. अनेक खोक्यांवर किंवा कॅटलॉगमध्ये ‘आर १०’, ‘आर ११’ असे आकडे असतात. ते जर्मन मानक ५११३० मधील चाचणीतून आले आहेत. त्या चाचणीत तेल ओतलेल्या लाद्यांवरून बूट घातलेला माणूस चालतो आणि खालचा तक्ता हळूहळू कलवला जातो. १० ते १९ अंशांपर्यंत पाय टिकला तर ‘आर १०’ आणि १९ ते २७ अंशांपर्यंत टिकला तर ‘आर ११’ असा दर्जा मिळतो. ही चाचणी कारखाने आणि स्वयंपाकगृहे यांसारख्या कामाच्या जागांसाठी आहे. अनवाणी पायांसाठीची चाचणी ५१०९७ या वेगळ्या जर्मन मानकातून आली आहे. तेथे साबणाचे पाणी वापरतात आणि ए, बी, सी हे वर्ग अनुक्रमे १२, १८ आणि २४ अंशांना मिळतात. सार्वजनिक तरणतलावांच्या शॉवरच्या जागी सहसा बी वर्ग अपेक्षित असतो. घरच्या न्हाणीघराला हीच दुसरी चाचणी लागू पडते, तरी विकताना सांगितला जातो तो आकडा बहुधा पहिल्या चाचणीचा असतो. ग्राहक फसवला जातो असे सरसकट म्हणता येणार नाही, कारण जास्त आर असलेली लादी बहुतेक वेळा अनवाणी पायालाही बरी पकड देते. पण दोन्ही मोजमापे एकच आहेत असे समजून ज्येष्ठांच्या न्हाणीघराची लादी ठरवणे चुकीचे आहे.

खरबरीत लादीवर आक्षेपही आहे आणि तो खोटा नाही. तिच्या खळग्यांत साबणाचा मळ धरतो आणि जून ते सप्टेंबर या दमट महिन्यांत, जेव्हा न्हाणीघर दिवसभर वाळत नाही, तेथे काळी बुरशी येते. या कारणासाठी गुळगुळीत लादीचा आग्रह धरणारे अनेक आहेत. तरीही मळ घासून काढता येतो आणि घसरून मोडलेले खुब्याचे हाड सहज सांधत नाही, म्हणून या वादात पकडीच्या बाजूला अधिक वजन द्यावे लागते.

अलीकडे दोन बाय चार फुटांच्या मोठ्या लाद्यांचे वेड आले आहे. भिंतीवर त्या शोभतात, पण शॉवरच्या जमिनीला चारही बाजूंनी जाळीकडे उतार द्यावा लागतो आणि मोठी सपाट लादी तिरपी कापल्याशिवाय असा उतार घेत नाही. लहान लाद्या तो सहज घेतात आणि त्यांचे जास्त सांधे पायाला आधार देतात. भिंतीलगत लांबट जाळी बसवली तर एकाच दिशेचा उतार पुरतो आणि मोठी लादीही चालते. जाळीखालच्या ज्या भांड्याला देशभरचे नळकामगार ‘नाहणी ट्रॅप’ म्हणतात, त्याच्या नावात आपली न्हाणी टिकून राहिली आहे.

सांध्यांचा विचार मात्र अजून उशिराच होतो. पूर्वी लाद्या एकमेकींना चिकटवून फटीत पांढरे सिमेंट भरत, आणि गळती सुरू झाली की लादीला दोष देत. वास्तविक पाणी बहुधा सांध्यांतून उतरते, आणि ते अडवण्याचे काम लादीखालच्या वॉटरप्रूफिंगचे असते. जांभ्याच्या भागातील अनेक विहिरींच्या पाण्यात लोह असल्यामुळे पांढरे सांधे काही महिन्यांत तांबूस होतात. इपॉक्सी ग्राउट, म्हणजे सांध्यांत भरायचे कृत्रिम राळेचे मिश्रण, पाणी शोषत नाही आणि डागही कमी धरते. ते महाग असते आणि पटकन घट्ट होत असल्यामुळे भरायला सरावलेला हात लागतो, म्हणून अंदाजपत्रकातून सर्वांत आधी तेच वगळले जाते.