आधी ऐकलेलं गाणं आणि सोबत चालू असलेलं गाणं

भाची बारावीसाठी आमच्याकडे ऐरोलीला राहायला आली, ती कानात इअरफोन घालूनच. "मावशी, गाणं बंद केलं की माझं डोकंच चालत नाही गं." वर पुरावा तयार: "मोझार्ट ऐकल्याने बुद्धी वाढते, सायन्सने सिद्ध केलंय."

इथेच गल्लत आहे. अभ्यासाला बसण्याआधी गाणं ऐकणं वेगळं आणि अभ्यास करताना ते चालू ठेवणं वेगळं.

मोझार्ट या जुन्या युरोपियन संगीतकाराच्या संगीतावरचा तो प्रयोग १९९३ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आला. ३६ कॉलेज विद्यार्थ्यांना मोझार्टचा दोन पियानोंचा सोनाटा (एक वाद्यरचना) दहा मिनिटं ऐकवला आणि त्यानंतर कोडी दिली. घडी घालून कापलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, त्या धर्तीची. नुसतं शांत बसल्यानंतर पडले त्यापेक्षा त्यांना गुण जास्त पडले, पण हा परिणाम १०-१५ मिनिटांत ओसरला. कोडी सोडवताना संगीत बंद होतं, आणि पाठांतराची परीक्षा तर घेतलीच नव्हती. तरी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर नवजात बाळांना शास्त्रीय संगीताच्या सीडी वाटायला निघाले!

पुढे मोझार्टच्या जोडीला एक गोष्ट ऐकवून पाहिली, तर ज्यांना गोष्ट जास्त आवडली त्यांना गोष्टीनंतरच चांगले गुण पडले. म्हणजे करामत मोझार्टची नव्हे, मरगळ जाण्याची. ते काम आमच्याकडे आल्याचा चहाही करतो.

आता सोबतचं गाणं. एका रविवारी जेवणाच्या टेबलावर मी भाचीला आठ आकडे एकेक करून वाचून दाखवले, थोडं थांबले आणि मग तिला लिहायला सांगितले. गाणं नसताना पाचपैकी चार वेळा बिनचूक. मग तिचंच लाडकं गाणं लावलं. आकडे बहुतेक सगळे आले, पण ३-९-६ चं ६-३-९ झालं. दोनदा असंच. चूक नेमकी क्रमात.

आपण आकडे धरून ठेवतो ते मनातल्या मनात घोकून, आणि कानावर पडणारे शब्द न बोलावता त्याच जागेत घुसतात. शब्दांच्या गाण्याने नुसत्या वाद्यसंगीतापेक्षा जास्त गडबड होते, हे सलामे आणि बॅडली या मानसशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये दाखवलं. भाषा कळत नसली तरी सुटका नाही: त्याआधी १९७६ च्या एका प्रयोगात, न समजणारं जर्मन वाचन कानावर पडत असतानाही पाठांतर बिघडलं होतं. त्यामुळे "मी कोरियन गाणी ऐकते, मला कुठे कळतात" हा बचाव निदान घोकंपट्टीपुरता तरी बाद. धडा वाचून समजून घ्यायचा असेल तेव्हा मात्र कळणारे शब्द जास्त नडतात.

"आवडतं गाणं होतं म्हणून लक्ष गेलं, नावडतं लाव," भाची म्हणाली. तेही ब्रिटनमधल्या कार्डिफचे मानसशास्त्रज्ञ पेरहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०११ मध्ये करून पाहिलंय. आवडतं काय, नावडतं काय, दोन्हींनी क्रम सारखाच बिघडवला. मला स्वतःला हे खोटं ठरावं असं वाटत होतं, कारण मीही हिशेब लिहिताना रेडिओ लावते.

पंख्याच्या घरघरीने एवढा त्रास होत नाही, कारण ती बदलत नाही. कान अडतो तो सतत बदलणाऱ्या आवाजावर. आमच्या शेजारच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट चालू आहे. ड्रिल मध्येच सुरू, मध्येच बंद. अशा वेळी कानात तानपुरा लावून बसणं मला तरी शहाणपणाचं वाटतं. ठाण्यात नौपाड्याला भाचीच्या मैत्रिणीच्या अभ्यासिकेत तर इअरफोन सगळ्यांच्याच कानात असतात, आणि निम्म्यांचे नुसतेच घातलेले, काही न लावता.

प्रॅक्टिकलचं जर्नल उतरवताना, आकृत्या रंगवताना तिने खुशाल गाणी लावावीत. तिथे घोकायचं काहीच नसतं. आता ती दोन गाणी ऐकते, फोन फ्रिजवर ठेवते आणि केमिस्ट्रीला बसते. फ्रिजवरून फोन दर वीस मिनिटांनी वाजतो, तो प्रश्न वेगळा.