चौकडा म्हणजे टार्टन नव्हे

वर स्कॉटलंडचा आणि वधू मराठी असली, तो किल्ट घालणार आणि ती साडी नेसणार असे ठरले, की खरेदीच्या वेळी एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘त्याच्या किल्टला जुळेल अशी चौकड्याची साडी घेतली आहे, म्हणजे दोघांचेही टार्टनच झाले.’ तसे ते होत नाही. हा गोंधळ मी इतक्या वेळा ऐकला आहे, की तो एकदा नीट उलगडून सांगावा असे वाटते.

किरकोळ गोष्टी आधी संपवतो. किल्ट हे स्कॉटलंडच्या पुरुषांचे कमरेला घालायचे चुण्यांचे वस्त्र आहे आणि टार्टन हा त्या वस्त्राच्या कापडाचा चौकटींचा नमुना आहे. ‘प्लेड’ हा शब्द अमेरिकेत नमुन्यासाठी वापरतात, स्कॉटलंडमध्ये मात्र तो अंगावर घेण्याच्या कापडाचे नाव आहे. किल्टला स्कर्ट म्हणू नये. निऱ्या दोन्हीकडे असतात, पण नऊवारीत त्या पुढे येतात आणि किल्टमध्ये त्या मागे असून पुढचा भाग सपाट असतो. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले लोक पूर्वी एक लांब, न शिवलेले कापड चुण्या घालून कमरपट्ट्याने नेसत असत आणि त्या पद्धतीचे धोतराशी खरोखर नाते जुळते. आजचा किल्ट मात्र शिवलेला असतो, तो घालायचा असतो.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडचा चौकडा, मग तो इरकली लुगड्याचा असो किंवा मद्रासी सुती कापडाचा, साध्या विणीचा असतो, म्हणजे बाण्याचा (आडवा) धागा ताण्याच्या (उभ्या) एका धाग्यावरून आणि पुढच्या धाग्याखालून जातो. उभ्या रेघांचा क्रम आणि आडव्या रेघांचा क्रम सारखाच असला पाहिजे असे कोणतेही बंधन विणकरावर नसते. त्याने ताण्यात दाट रेघा घेतल्या आणि बाण्यात विरळ घेतल्या तरी तो चौकडा उत्तमच ठरतो, किंबहुना त्या मोकळेपणातच त्याचे सौंदर्य आहे.

टार्टनमध्ये हा मोकळेपणा नसतो. तिथे आधी रंगांचा क्रम आणि प्रत्येक रंगाच्या धाग्यांची संख्या ठरवतात. या ठरलेल्या क्रमाला ‘सेट’ म्हणतात. बहुतेक टार्टनमध्ये हा क्रम एका टोकापर्यंत जातो आणि आरशातल्या प्रतिबिंबासारखा उलटा परततो. मग अगदी तोच क्रम, त्याच प्रमाणात, ताण्यातही असतो आणि बाण्यातही. वीण ट्विलची असते: बाण्याचा धागा दोन धाग्यांवरून व दोन धाग्यांखालून जातो आणि दर ओळीला एक घर सरकतो. त्यामुळे कापडावर बारीक तिरप्या रेघा उमटतात आणि दोन वेगळे रंग जिथे एकमेकांना छेदतात तिथे डोळ्याला तिसरा, मिश्र रंग दिसतो. ‘ब्लॅक वॉच’ या टार्टनमध्ये निळा, काळा आणि हिरवा असे तीनच रंग आहेत, पण कापडावर 3 शुद्ध आणि 3 मिश्र अशा 6 छटा दिसतात. रंग 6 असतील तर छटा 21 होतात.

म्हणूनच टार्टनला नाव असते, बरेचदा एखाद्या स्कॉटिश घराण्याचे, आणि दुकानातल्या चौकड्याला नसते. एडिंबरोमध्ये 2009 पासून टार्टनची अधिकृत नोंदवही ठेवली जाते. रंग साधारण सारखे दिसतात म्हणून एखाद्या चौकड्याला घराण्याच्या टार्टनचे नाव देणे हे आपल्या विणकरावरही अन्याय करणारे आहे, कारण त्याने एका नमुन्याची नक्कल केलेली नसते, त्याने स्वतःचे कापड विणलेले असते. मद्रासचा चौकडा स्कॉटिश सैनिकांचे कापड पाहून सुचला, ही आवडीने सांगितली जाणारी कथाही मला पटत नाही. घराणेवार टार्टनची पद्धत मुख्यतः एकोणिसाव्या शतकात रुजली, आणि मद्रासकडच्या कोरोमंडल किनाऱ्यावरचे चौकड्याचे सुती कापड त्याआधीपासून समुद्रापार जात होते.

लग्नाच्या मांडवात या फरकाचा परिणाम लगेच दिसतो. किल्टसाठी सुमारे 8 वार लोकरी कापड लागते आणि कुशल कारागीर मागच्या चुण्या अशा बसवतो, की घडी घातल्यावरही नमुना अखंड दिसावा. अशा काटेकोर कापडाशेजारी वेगळ्या मापाचा चौकडा उभा राहिला, की दोन्ही नमुने एकमेकांशी भांडतात आणि छायाचित्रात दोघांपैकी कोणाचेच वस्त्र नीट दिसत नाही. माझे मत ठाम आहे: टार्टनशेजारी चौकडा नकोच, अंगभर एकाच रंगाची साडी हवी.

तो रंग कसा निवडावा, याचे उत्तर पैठणीकडे आहे. धूपछाव पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो. टार्टनमध्ये लहानशा चौकोनात जे घडते तेच इथे पूर्ण अंगभर घडते. वराचा किल्ट ब्लॅक वॉचचा असेल, तर निळ्या ताण्याची आणि हिरव्या बाण्याची मोरपंखी पैठणी घ्यावी. किल्टमध्ये निळा आणि हिरवा जिथे छेदतात तिथला रंग हाच आहे, आणि चौकड्याची एकही रेघ नसताना दोन्ही वस्त्रांचे खरे नाते जुळते. किल्ट लाल ‘रॉयल स्टुअर्ट’चा असेल, तर लाल साडी टाळावी आणि त्यातल्या हिरव्या पट्ट्याचा रंग उचलावा, पैठणीची जर त्यातल्या पिवळ्या रेघेला आपोआप जुळते.

वराकडच्या घराण्याचे टार्टन वधूच्या अंगावर असावे असा आग्रह असेल, तर खऱ्या टार्टनचा खांद्यावरचा पट्टा घ्यावा. स्त्रियांनी तो उजव्या खांद्यावर घेण्याचा तिथे सर्वसाधारण प्रघात आहे आणि आपला पदर डाव्या खांद्यावर असतो, त्यामुळे दोन्ही आपापल्या जागी राहतात. पट्ट्याचा जड ब्रोच मात्र पदरात कधीही टोचू नये. पैठणीच्या रेशमाला पडलेले भोक पुन्हा बुजत नाही. ब्रोच उजव्या खांद्यावर, ब्लाउजला आतून अस्तराचा जाड तुकडा लावून, त्यावरच बसवावा.