पुण्याच्या आकाशातला सरकता ठिपका : एका जुन्या शोधाची पार्श्वभूमी

पाऊस सरून पुण्याचं आकाश निवळलं की कुठल्या ना कुठल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच निरोप येतो : "गच्चीवर या लवकर, वरून काहीतरी चाललंय." दोन मिनिटांत कठड्याशी गर्दी. आवाज नाही, लुकलुक नाही. एक पिवळसर ठिपका पश्चिमेकडून चढतो, डोक्यावरून थोडा पूर्वेला उतरतो आणि फुंकर घातल्यासारखा विझतो. मग तर्क सुरू होतात : विमान, ड्रोन, लष्कराचं काहीतरी. कोणीतरी अर्धवट चेष्टेत उडती तबकडीही म्हणतं.

या गोंधळाचं मूळ डोळ्यांतच आहे. काळोख्या आकाशात मागेपुढे काही नसतं, त्यामुळे ठिपका किती लांब आहे हे एका जागेवरून पाहणाऱ्याला कळूच शकत नाही. दोनशे मीटरवर तरंगणारा कागदी कंदील आणि चारशे किलोमीटरवरचं अंतराळस्थानक, दोन्ही तेवढेच दिसतात. अंतर कळलं नाही की वेग कळत नाही, आकारही नाही. "बसएवढं मोठं होतं" असं छातीठोकपणे सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याने अंतर मनाने धरलेलं असतं, एवढंच.

ही अडचण पहिल्यांदा सोडवली ती जर्मनीतल्या दोन विद्यार्थ्यांनी. १७९८ साली ग्योटिंगनजवळ ब्रांडेस आणि बेंझेनबर्ग काही किलोमीटर अंतरावर वेगवेगळे बसले आणि तुटणारे तारे टिपू लागले : वेळ कोणती, कोणत्या ताऱ्यांमधून गेला. एकच उल्का दोघांना वेगळ्या ताऱ्यांसमोर दिसली, की त्या फरकावरून तिची उंची काढता येते. शेकडो उल्कांपैकी जेमतेम वीस-बावीस दोघांच्याही नोंदीत जुळल्या, पण उत्तर मिळालं : उंची साधारण शंभर किलोमीटरच्या आसपास. म्हणजे या उल्का ढगांच्या कितीतरी वर पेटतात. चारच वर्षांपूर्वी, १७९४ मध्ये, क्लाड्नी या अभ्यासकाने दगड अवकाशातून पडतात असं लिहिलं होतं आणि विद्वानांनी त्याची टर उडवली होती. १८०३ च्या एप्रिलमध्ये फ्रान्समधल्या लेग्लजवळ हजारो दगड कोसळले. बियो नावाचा तरुण शास्त्रज्ञ तिथे गावोगाव फिरला, लोकांच्या साक्षी घेतल्या, कुठे काय पडलं त्याचा नकाशा केला. तेव्हा कुठे वाद मिटला.

हाच हिशेब पुण्यात मांडून पाहा. पर्वती आणि सिंहगड यांच्यात सरळ रेषेत सुमारे १७ किलोमीटर अंतर आहे. पर्वतीवरच्या माणसाला ऐन डोक्यावर, शंभर किलोमीटर उंचीवर दिसलेली उल्का सिंहगडावरच्याला जवळपास दहा अंश बाजूला दिसेल. हात लांब करून मूठ धरली तर तिची रुंदी साधारण एवढीच भरते. अंतराळस्थानक असेल तर फरक अडीच अंशांपेक्षाही कमी. आणि पर्वतीच्या माथ्यावर कोणी ड्रोन उडवत असेल, तर तो सिंहगडावरून डोक्यावर सोडाच, दिसलाच तर पार क्षितिजाशी.

आकाश पाहण्याची पुण्याची परंपरा जुनी आहे, पण ती या प्रश्नापाशी थोडी उशिराच पोचली. १८८८ मध्ये कावसजी नायगमवाला यांनी इथल्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपी या अभियांत्रिकी विद्यापीठात, भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभी केली. तिथली वीस इंची दुर्बीण तेव्हा देशातली सर्वांत मोठी होती. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि साहित्य कोडाईकनालला गेलं. पुणेकरांना याची हळहळ वाटते, आणि ती रास्तच आहे. पण सरकत्या ठिपक्यापुढे असली दुर्बीण हतबल असते : ती रोखेपर्यंत ठिपका निघून गेलेला. इथे लागतात नुसते डोळे, घड्याळ आणि ताऱ्यांची ओळख. १९४४ साली स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेने टिळक रस्त्यावरून हौशी लोकांना नेमकं हेच शिकवलं.

उडती तबकडी हा शब्द मात्र अमेरिकेतून आला. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाला माउंट रेनियरजवळ नऊ चकाकत्या वस्तू दिसल्या. पाण्यावर भिरकावलेली बशी टप्पे खात जाते तशा त्या चालल्या होत्या, असं वर्णन त्याने चालीचं केलं होतं. वार्ताहरांनी ते आकाराला चिकटवलं, आणि मराठीत बशीची तबकडी झाली. (त्या काळी तबकडी म्हटल्यावर आधी ग्रामोफोन आठवत असणार.) पुढे अमेरिकी हवाई दलाने १९६९ पर्यंत अशा १२,६१८ नोंदी तपासल्या. ७०१ चा उलगडा झाला नाही. हा आकडा लोक फार उगाळतात. मला उरलेले जवळजवळ बारा हजार जास्त बोलके वाटतात : ग्रह, तारे, उल्का, फुगे, विमानं. त्यात शुक्राची चांदणी तर अट्टल. काळोखात एकटा ठिपका टक लावून पाहिला की तो हलल्याचा भास होतो, आणि आपण चालत्या गाडीत असलो तर चांदणी पाठलागच करते.

४ ऑक्टोबर १९५७ नंतर संशयितांची यादी कायमची बदलली. त्या दिवशी जगातला पहिला कृत्रिम उपग्रह स्पुटनिक वर गेला आणि जगभर लोक अंगणात उभे राहिले. गंमत म्हणजे ५८ सेंटिमीटरचा तो गोळा नुसत्या डोळ्यांना दिसण्याजोगा नव्हताच. लोकांनी पाहिला तो मागोमाग फिरणारा रॉकेटचा मोठा टप्पा. उपग्रह टिपायला नैनीतालला खास कॅमेराही बसला. ठिपका का विझतो, हेही उलगडलं : तो स्वतः पेटलेला नसतो, त्याच्यावर मावळलेल्या सूर्याचं ऊन असतं, आणि पृथ्वीच्या सावलीत शिरला की संपलं. म्हणून असे उपग्रह संध्याकाळनंतर किंवा पहाटेपूर्वी एक-दोन तासच दिसतात. पुण्यात ऐन मध्यरात्री ठिपका सरकताना दिसला, तर खालच्या कक्षेतल्या उपग्रहाला त्यातून वगळावं. १९७९ च्या जुलैत स्कायलॅब हे अमेरिकी अंतराळस्थानक कोसळणार म्हणून उडालेली घाबरगुंडी तेव्हा शाळेत असलेली पिढी अजून सांगते. त्याचे तुकडे शेवटी हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियात पडले.

मे २०१९ मध्ये इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकचे पहिले साठ उपग्रह सुटले आणि आकाशात चक्क ठिपक्यांची आगगाडी दिसू लागली. पण आपल्याकडचा खरा धडा २ एप्रिल २०२२ चा. गुढीपाडव्याची संध्याकाळ, पावणेआठच्या सुमाराला विदर्भापासून उत्तर महाराष्ट्रापर्यंत लोकांनी जळते गोळे रांगेने जाताना पाहिले. उल्का सेकंद-दोन सेकंदांत संपते. हे सावकाश, तुकडे होत, बराच वेळ जात राहिलं, म्हणजे कक्षेतून खाली येणारी वस्तू. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला सुमारे तीन मीटर व्यासाची धातूची कडीच पडली. पहिला संशय त्याच दिवशी न्यूझीलंडमधून सुटलेल्या रॉकेटवर गेला. मग वेळ आणि दिशा कक्षांच्या नोंदींशी ताडून पाहिल्यावर बोट वळलं ते फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चिनी चँग झेंग ३बी रॉकेटच्या टप्प्याकडे. कडी हाती होती, तरी निकाल लागला तो घड्याळामुळे.

२०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात ड्रोनची धास्ती पसरली. चोर टेहळणी करतात म्हणून गावंच्या गावं रात्री जागत होती. भीती खोटी म्हणता येत नाही, पण अशा दिवसांत लोहगावच्या विमानतळावर उतरणारं विमानही ड्रोन ठरतं. तिथली धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे. त्या रेषेत उभ्या असलेल्याला समोरून येणाऱ्या विमानाचा दिवा कितीतरी वेळ जागच्या जागी टांगल्यासारखा दिसतो.

तेव्हा पुढच्या वेळी फोटोच्या नादी लागण्याआधी सेकंदासकट वेळ लिहावी, कोणत्या ताऱ्याजवळून गेला ते पाहावं, आणि कोथरूडच्या गच्चीवरून हडपसरच्या कुणाला तरी फोन लावावा. निरभ्र आकाशातही हडपसरवाल्याला काहीच दिसलं नाही, तर तो ठिपका कोथरूडचाच.