'ब्रीझिन' स्टुडिओतला, 'वीकएंड इन एल.ए.' मैफलीतला

अमेरिकन जॅझ गिटारवादक आणि गायक जॉर्ज बेन्सनचं नाव निघालं की 'धिस मास्करेड' आणि 'ऑन ब्रॉडवे' ही दोन गाणी एका दमात घेतली जातात, आणि दोन्ही एकाच अल्बममधली असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. पहिलं आहे 'ब्रीझिन' या १९७६च्या स्टुडिओ अल्बममधलं. दुसरं 'वीकएंड इन एल.ए.'मधलं; तो १९७८ साली आला, पण ध्वनिमुद्रण झालं १९७७च्या शरदात, लॉस एंजेलिसजवळच्या रॉक्सी थिएटरात, श्रोत्यांसमोर.

गोंधळ व्हायला कारणही आहे. दोन्हींचा निर्माता टॉमी लिपुमा आणि साथीदारही तेच. दुसऱ्या गिटारवर फिल अपचर्च, कीबोर्डवर रॉनी फॉस्टर, पियानोवर होर्हे डाल्टो, ड्रम्सवर हार्वी मेसन. त्यामुळे कान लगेच फरक सांगत नाही.

त्यात 'स्टुडिओ अल्बम' म्हटलं की तुकडे जोडून बनवलेलं काहीतरी, असा आपला समज. 'ब्रीझिन'वर तो अन्याय आहे. जानेवारी १९७६मध्ये हॉलिवूडच्या कॅपिटल स्टुडिओत सगळे एकत्र बसले आणि तीन दिवसांत मूळ वादन उरकलं. वरची तंतुवाद्यं मात्र संगीत संयोजक क्लाउस ओगरमनने नंतर चढवली, आणि या अल्बमला 'स्मूद' करणारा मुलामा तोच. ध्वनिमुद्रणासाठी अल श्मिटला ग्रॅमी मिळालं, ते मला अगदी रास्त वाटतं: ड्रम्सवरचा हलका आघातसुद्धा वेगळा ऐकू येतो, पण गिटारच्या आड कुणी येत नाही.

सहा रचनांत गायलेली एकच, 'धिस मास्करेड'. तिच्यात बेन्सन तोंडाने जे सूर घेतो तेच त्याच क्षणी गिटारवर उमटतात. आपल्याकडे पेटी गायकाच्या मागोमाग जाते. इथे मागेपुढे काही नाही, गळा आणि बोटं एकाच माणसाची. अल्बमवर हे गाणं आठ मिनिटांचं आहे. रेडिओवर गाजलं ते तीन मिनिटांचं कापलेलं रूप. पूर्ण ऐकलं नसेल तर डाल्टोचा पियानो तुमच्या हातून निसटला आहे.

'वीकएंड'मध्ये तंतुवाद्यांची ती मऊ गादी मागे पडते आणि ताल पुढे येतो. 'ऑन ब्रॉडवे' हे मुळात द ड्रिफ्टर्स या गायकगटाचं १९६३चं छोटेखानी गाणं. रॉक्सीत ते दहा मिनिटांच्या आसपास फुलतं. न्यूयॉर्कला नशीब काढायला आलेला, खिशात दमडी नसलेला एक वादक त्यात बोलतो. 'मला ही गिटार वाजवता येते' या अर्थाची ओळ येते आणि थिएटरभर दाद उसळते, कारण ती ओळ म्हणणाऱ्याच्या हातात खरोखरच गिटार असते.